एकादशीला पाटी

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूनं, चांगुणाबायनं,
माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली.
म्हणाली, मासे तुला बापाकडून कळलेत,
आता माणसं शीक.
कुणाच्या दारात काय न्यायचं ते सोपं.
कधी न्यायचं नाही, ते खरं शिक्षण.

रेवदंड्याच्या आगरात सिमहाबाई झिराडकर.
चौकटीला तिरकी ठोकलेली बोटभर डबी,
येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना नेतात.
आत चामड्यावर लिहिलंय, देव एक.
तिथं जिताडा चालेल, बोय चालेल,
खवलं हवीत, पर हवेत.
कोळंबीवर आधीच फडकं टाक.
शनिवारी हाकसुद्धा मारू नकोस,
चूल पेटत नाही, पैशाला हात लागत नाही.

दोन घरं सोडून सकीनाचाची मुकादम.
समुद्रातलं सगळं हलाल, मानेवर सुरी नको.
रमजानात सकाळी ओट्यावर पाटी उतरवायची नाही,
असरची बांग झाली की जा.

देव तिथंही एकच ना, मी विचारलं.
एकच गं. नमाजाला, प्रार्थनेला
दोघीही तोंड करतात मावळतीकडं,
म्हणजे आपल्या दर्याकडं.
नारळी पुनवेला आपण तरी कुठं बघतो?

पोरवालांच्या दुकानावरून जाताना
आधी वाऱ्याची बाजू बघायची.
ते दिवस असताना जेवतात,
अंधारात बारीक जीव दिसत नाहीत म्हणून.
पर्युषण संपलं की शेठ पायरी उतरून
चांगुणाबायला हात जोडतात, मिच्छामि दुक्कडम्.
एवढे जीव डोक्यावर घेऊन फिरते मी,
आणि माफी हा मागतो!
पहिल्या वर्षी ती घरी येऊन रडली होती.

खाडीपलीकडं कोर्लईत नातालिना रोझारियो.
त्यांचा चाळीस दिवसांचा उपास, मटण बंद,
तेव्हा मासळीला भाव सांग.
गुड फ्रायडेला मात्र घासाघीस नको,
त्या दिवशी त्यांचा देव मरतो.
मी थांबलेच. देव मरतो?
रविवारी उठतो. सोमवारी पापलेट न्यायचं.

बौद्धवाडीत गमरेबाई पौर्णिमेला पांढरं नेसतात.
विहारातून ऐकू येतं, पाणातिपाता वेरमणी.
अर्थ विचारला, तर म्हणाल्या, जीव घेण्यापासून दूर राहीन.
मग शनिवारचे बोंबील?
त्या हसल्या नाहीत.
"देवाचा हुकूम नाही तो," म्हणाल्या,
"माझा शब्द आहे, माझ्यापाशी. अजून शिकतेय."

त्या वर्षी आश्विनात सगळ्यांचा चंद्र एकाच वयाचा झाला,
आणि आम्ही दोघी विसरलो.
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोट भरून आली.
आगरी आळीत एकादशी.
सकीनाचाचीकडं आशुऱ्याचा रोजा.
पोरवालांच्या सुनेचं आयंबील,
वारा नेमका तिच्याच खिडकीकडं.
गमरेबाई नागपूरहून परतल्या नव्हत्या.
इस्राएल आळीत दारफाळणीचा सण, सगळं बंद,
वर्षाचे गुन्हे देवापुढं मोजत बसायचं, उपाशी.
नातालिनानं एक बोय घेतली, तीही उधार.

सासू बंदरावर पाटी टेकून हसत सुटली,
अख्खं गाव उपाशी!
आज देव जेवणार कुणाकडं?

दुपारभर मीठ चोळलं. बोटं चरचरली.
एक जिताडा तेवढा तिनं बर्फाखाली ठेवला.

मगरिबची बांग झाली,
सकीनाचाचीचा नातू कोळंबीसाठी पळत आला,
तोंडात खजूर.
आम्ही सिमहाबाईंच्या ओट्यावर.
माणसं सिनेगॉगात, म्हातारी एकटी घरात,
पाय गेले, डोळे गेले,
बंद दारामागून विचारते,
चांगुणा, दिसले का गं तीन तारे?

सासूनं मान वर केली.
एक, माडाच्या वर. दोन.
मग कोर्लईच्या किल्ल्याखाली बोट दाखवून, मोठ्यानं, तीन!
अगं आय, मी कुजबुजले,
तो गणप्याच्या होडीचा दिवा.
गप बस, ती म्हणाली,
कालपासून पाण्याचा थेंब नाही तिच्या पोटात.

आत कडी वाजली.